नमुना, वायदा आणि वेगवान मोटार

व्यापारी बंधूंच्या स्मरणिकेत शर्यतीच्या धर्तीवरील मोटारीचा विषय काहींस अप्रस्तुत वाटेल. परंतु जो माल अद्याप तयार झालेला नाही त्याचे गुण आधी सांगावयाचे आणि त्यावर विसार घ्यावयाचा, हा व्यवहार धान्यपेठेस नवा नाही. म्हणून ह्या विषयावर मत देण्याचा थोडा अधिकार आम्हांसही आहे, असे आम्ही समजतो.

अमेरिकेतील टेस्ला कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपली आगामी 'रोडस्टर' मोटार लोकांपुढे मांडली. उभ्या स्थितीतून ताशी ६० मैलांचा वेग १.९ सेकंदांत, कमाल वेग ताशी २५० मैलांहून अधिक आणि एकदा भरलेल्या बॅटरीवर ६२० मैलांची मजल, अशी तिची ग्वाही होती. गाडी २०२० साली मिळावयाची होती. विसार ५०,००० डॉलर. पहिल्या १,००० गाड्यांसाठी मात्र २,५०,००० डॉलर आगाऊ. २०२४ साल सरले तरी एकाही ग्राहकाच्या दारी ती गाडी आलेली नव्हती.

आता हिशेब पाहू. १.९ सेकंदांत ताशी ६० मैल गाठण्यास गाडीच्या वजनाच्या जवळजवळ दीडपट जोर चाकांनी रस्त्यावर लावावा लागतो. हे कठीण आहे, अशक्य नाही. क्रोएशियातील रिमाक कंपनीच्या 'नेवेरा' गाडीने २०२३ साली हाच वेग १.७४ सेकंदांत गाठून दाखविला; मात्र अशा मोजणीत पहिल्या फुटाचा वेळ वगळण्याची अमेरिकन वहिवाट आहे, हे ध्यानी ठेवावे. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये टेस्लाच्या प्रमुखांनी एका सेकंदाहूनही कमी वेळाची भाषा केली. त्यास वजनाच्या पावणेतीनपट जोर हवा. रस्त्यावरच्या टायरांची पकड एवढा भार पेलू शकत नाही. दाबून भरलेली हवा मागे फेकून गाडीस पुढे ढकलण्याची कल्पना त्यांनी २०१८ सालीच बोलून दाखविली होती. तसे झाल्यास तो गुण चाकांचा नव्हे, हवेच्या झोताचा म्हणावा लागेल.

दुसरी गोष्ट. वेग चौपट झाला की हवेचा विरोध सोळापट होतो. तेव्हा ६२० मैलांची मजल आणि ताशी २५० मैलांचा वेग ही दोन्ही आश्वासने स्वतंत्रपणे खरी ठरू शकतील, पण एकाच प्रवासात कदापि नाही. पत्रकात ती शेजारी शेजारी छापली म्हणून एकाच पोत्यातील दाणे ठरत नाहीत.

ह्याहून जुना दाखला इंग्लंडातील आहे. जग्वार कंपनीने १९८८ साली बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात 'एक्सजे २२०' मांडली, तेव्हा तीत बारा सिलिंडरांचे इंजिन होते आणि चारही चाकांस शक्ती मिळत होती. १९९२ साली हाती आलेल्या गाडीत सहाच सिलिंडर होते आणि शक्ती मागील दोन चाकांस मिळत होती. ताशी २२० मैलांच्या नावाची ती गाडी चाचणीत २१२ मैलांवर आली. धूर शुद्ध करणारी यंत्रणा काढल्यावर २१७ मैलांवर. म्हणजे वेगाचे भाकीत फारसे चुकले नव्हते. तरीही विसार दिलेल्या अनेकांनी गाडी घेण्याचे नाकारले आणि प्रकरणे न्यायालयात गेली. आमच्या मते त्यांची तक्रार रास्त होती. भाव ठरतो तो नमुन्यावर. माल नमुन्याबरहुकूम नसेल, तर तो तितकाच चांगला असल्याचे सांगणे हे उत्तर होऊ शकत नाही.

म्हणून आमच्या तरुण मंडळींस आम्ही एवढेच सांगू की, आगामी मोटारीचे आकडे वाचताना तीन प्रश्न विचारावेत. मोजणी कोणी केली? कोणत्या अटींवर केली? आणि माल कोणत्या दिवशी मिळणार? रिमाकने आपल्या गाडीचा कमाल वेग २०१८ साली ताशी ४१२ किलोमीटर सांगितला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जर्मनीतील धावपट्टीवर तेवढाच करून दाखविला. असा विक्रेता आगाऊ बोलला तरी त्याचे बोलणे शोभते. मोठी स्वप्ने पाहण्यास आमचा विरोध नाही. त्यावाचून नवी यंत्रे निघतच नाहीत. परंतु स्वप्न विक्रेत्याचे आणि जोखीम ग्राहकाची, अशी वाटणी ज्या सौद्यात असेल त्यात विसार देण्यापूर्वी गणित स्वतः मांडून पाहणे, हाच खरा व्यवहार होय.