लावणीची मजुरी आणि शास्त्रीय कार्यव्यवस्था

खारघरच्या भातखाचरांवर १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें नगर वसविलें, आणि पनवेल तालुक्यांत लावणीस मजूर मिळणें दुरापास्त झालें. तेव्हां 'शास्त्रीय पद्धतीनें काम घ्या' असा उपदेश खातेदार बंधूंस होऊं लागला आहे.

या पद्धतीचे जनक अमेरिकन इंजिनियर फ्रेडरिक टेलर. त्यांचा ग्रंथ १९११ सालचा. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यांत मजूर एकाच फावड्यानें हलका कोळसा व जड खनिज उपसत. फावड्यावर सुमारें २१ रत्तल ओझें असतां दिवसाचें काम सर्वांत अधिक होतें, असें टेलरनीं मोजून काढलें. मग मालागणिक निराळें फावडें कारखान्यानेंच पुरविलें. मजूर कमी केले खरे, पण उरलेल्यांचा रोज वाढविला. उपदेशकांस नेमकें हेंच आठवत नाहीं! मुंबईच्या कांहीं गिरण्यांनीं विणकरांस दोनांऐवजीं तीन माग दिले. १९२८ सालीं सुमारें दीड लाख कामगारांनीं सहा महिने संप केला, त्याच्या कारणांत हेंहि एक होतें. त्या कामगारांत कोंकणचे लोक पुष्कळ होते.

चारसूत्री पद्धतींत खुणेच्या दोरीवर १५ व २५ सेंटिमीटर अंतरानें लावणी करून चार चुडांच्या मधोमध खताची गोळी खोंचतात. त्यांत लाभ मालकाचा. मजुराचा हात मात्र संवय होईपर्यंत मंदावतो. अशा वेळीं जुन्याच उक्त्या दरानें काम मागणें ही निव्वळ कृपणता होय. दोरी व गोळ्या मालकानें बांधावर आणून ठेवाव्या, पहिल्या हंगामांत रोजानें काम घ्यावें, आणि उक्ता दर त्यानंतर मजुरांसमक्ष मोजून ठरवावा.