हरकतीची पळवाट

फेब्रुवारी 2023मध्ये केनियातल्या मोम्बासा येथे एक ठराव दोन-तृतीयांशाहून अधिक मतांनी मंजूर झाला आणि काही महिन्यांतच निकालात निघाला. हिंद महासागर ट्यूना आयोगाच्या विशेष बैठकीतली ही गोष्ट. समुद्रात सोडलेल्या तराफ्यांभोवती होणारी ट्यूनाची मासेमारी वर्षातून 72 दिवस बंद ठेवावी, एवढीच त्या ठरावातली मुख्य मागणी होती. इंडोनेशियाने पुढाकार घेतला, भारतासह बरेच किनारी देश मागे उभे राहिले. मग युरोपीय संघाने हरकत नोंदवली. ठरावाला शास्त्रीय आधार नाही, असे त्यांचे म्हणणे. सेशेल्ससारख्या देशांनीही हरकती घेतल्या. युरोपीय जहाजे जिथे माल उतरवतात त्या व्हिक्टोरिया बंदरावर सेशेल्सचे बरेच काही अवलंबून आहे, तेव्हा त्यात नवल नाही.

आयोगाचा नियम असा, की 120 दिवसांत हरकत घेणाऱ्या देशाला ठराव लागू होत नाही. आणि एक-तृतीयांशाहून अधिक सदस्यांनी हरकत घेतली, तर उरलेल्यांवरही तो बंधनकारक राहत नाही. मोम्बासाच्या ठरावाचे नेमके हेच झाले. हाउसिंग सोसायटीच्या सभेत ठराव बहुमताने पास व्हावा आणि दुसऱ्या दिवशी एखाद्याने ‘माझ्या फ्लॅटला तो लागू नाही’ असे पत्र सेक्रेटरीच्या हाती द्यावे, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की इथे त्या पत्राला कायद्याचा आधार आहे.

हे तराफे म्हणजे काय ते पाहिले, की भांडणाचे मूळ कळते. बांबूचा किंवा प्लास्टिकचा एक सांगाडा, खाली लोंबणारे शेपूट, आणि सोबत सौरऊर्जेवर चालणारा बोया. भर समुद्रात कुठलीही तरंगती वस्तू दिसली, की मासे तिच्या सावलीला गोळा होतात. बोयाच्या पोटातला ध्वनिमापक खाली साधारण किती मासळी जमली आहे ते मोजतो आणि उपग्रहामार्फत शेकडो मैलांवरच्या कप्तानाला कळवतो. कप्तानाने यायचे ते थेट जाळे टाकायलाच. दीड-दोन किलोमीटर लांबीचे पर्ससीन जाळे सभोवार फिरवायचे, तळ आवळायचा आणि एका खेपेत टनांनी मासळी उचलायची. (पर्ससीन काय करते हे रत्नागिरी-मालवणच्या मच्छीमारांना कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.) जहाजाला हवा असतो स्किपजॅक. पण त्याच तराफ्याखाली यलोफिन आणि बिगआय या मोठ्या ट्यूनांची पिल्लेही आसऱ्याला असतात. एकदाही अंडी न घातलेले हे मासे स्किपजॅकबरोबर डब्यात जातात.

याच महासागरात मालदीवचे कोळी आजही एकेक मासा गळाने धरतात. धोणीच्या तळाशी खेळत्या पाण्यात जिवंत छोटी मासळी ठेवलेली असते. ती मूठमूठ समुद्रात फेकायची, नळीने पाण्याचे तुषार उडवून लहान माशांचा थवा खळबळतोय असा भास करायचा, आणि ट्यूना उसळला, की मागच्या कठड्यावर ओळीने उभे राहून काठ्या चालवायच्या. गळाला काटा नसतो. झटका दिला, की मासा डोक्यावरून मागे जाऊन डेकवर आपोआप सुटून पडतो. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयची रीतही हीच. या पद्धतीने मासळी कमी मिळते असेही नाही, मालदीवची सारी अर्थव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर उभी होती.

हिंद महासागरातल्या यलोफिनची बेसुमार पकड झाली आहे, असा निष्कर्ष 2015मध्येच निघाला होता. 2016मध्ये सावरण्याची योजना ठरली. मोठ्या पर्ससीन ताफ्यांनी 2014च्या तुलनेत 15 टक्के कपात करायची होती. सवलती इतक्या निघाल्या, की पुढच्या काही वर्षांत एकूण पकड उलट वाढली. 2021मध्ये आणखी कडक ठराव आला. त्यावर हरकत घेणाऱ्यांत इराण, ओमान, इंडोनेशिया होते आणि भारतही होता.

इथे जरा थांबायला हवे. भारताची बाजू पोकळ नव्हती. 1980च्या दशकात स्पेन-फ्रान्सची जहाजे या समुद्रात उतरली, भरमसाट पकडत राहिली. आता ‘पूर्वी किती पकडलेत’ यावर वाटा ठरवायचा म्हटले, तर ज्याने जास्त उपसले त्यालाच जास्त मिळणार. आमच्या छोट्या होड्यांनी मर्यादा का पाळावी, हा प्रश्न रास्तच. पण हा युक्तिवाद वाटपाच्या टेबलावर करायचा असतो. ज्या दाराने आपण 2021मध्ये बाहेर पडलो, त्याच दाराने युरोपीय संघ 2023मध्ये बाहेर पडला. त्यांना ढोंगी म्हणताना आपला आवाज म्हणूनच चढत नाही.

एकजुटीने काय होते, याचे दाखले दूरचे असले तरी पक्के आहेत. पश्चिम पॅसिफिकमधल्या किरिबाटी, तुवालू, नाऊरू यांच्यासारख्या आठ देशांनी मिळून परदेशी जहाजांना मासेमारीचे दिवस विकायला सुरुवात केली. एकूण दिवस ठरलेले, एका दिवसाचा किमान दर 8,000 डॉलर. नकाशावर भिंगाने शोधावे लागणारे हे देश बड्या ताफ्यांना अटी घालतात, आणि तिथले ट्यूनाचे साठे आज जगात सर्वांत चांगल्या स्थितीत मानले जातात. अटलांटिकमधला ब्लूफिन तर जवळजवळ हातचा गेला होता. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा प्रस्ताव 2010मध्ये दोहा येथे फेटाळला गेला, पण त्या धसक्याने आधीच पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला कोटा 13,500 टनांवर आणला गेला होता, जहाजांवर निरीक्षक आले, प्रत्येक माशाची कागदपत्रे मागितली जाऊ लागली. 2021मध्ये या माशाचे नाव धोक्यातल्या प्रजातींतून निघाले.

आता 2024च्या पाहणीने हिंद महासागरातला यलोफिन धोक्याच्या रेषेबाहेर आल्याचे सांगितले आहे. बातमी चांगली आहे. पण तिच्या जोरावर कोटे सैल करा अशी मागणी होणारच, आणि ती अडवायला आयोगाकडे तोच कागदी ठराव आणि तीच 120 दिवसांची खिडकी आहे. तराफ्यांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा मवाळ ठराव 2024मध्ये बँकॉकला झाला. 72 दिवसांच्या बंदीचा त्यात मागमूस नाही.

कोकणच्या बाजारात कुपा, गेदर म्हणून मिळणारा ट्यूना पापलेट-सुरमईच्या पंक्तीला बसत नाही, त्यामुळे मराठी वाचकाला हे सारे लांबचे वाटेल. पण खोल समुद्रातल्या ट्यूनाकडे भारत आता डोळे लावून आहे, आणि उद्या आपल्या होड्या तिथे पोहोचतील तेव्हा मासळी शिल्लक असायला हवी. दक्षिण पॅसिफिकच्या मत्स्य संघटनेत हरकत घेणाऱ्याला कारणे द्यावी लागतात, स्वतःवर पर्यायी निर्बंध घालावे लागतात, आणि तज्ज्ञांच्या समितीपुढे ते टिकावे लागतात. हाच नियम हिंद महासागर ट्यूना आयोगाने स्वीकारावा, असा प्रस्ताव भारताने मांडावा. आणि तो मांडण्याआधी, आपण घेतलेल्या हरकतींची कारणे स्वतःहून जाहीर करावीत.