वॉर्डाच्या बातमीचे पैसे कोण देतं?

जानेवारी २०२४ मध्ये नया नगरात बुलडोझर फिरला. त्यानंतर कितीतरी दिवस आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येत होतं: पत्रकार विकले गेले. मीही ते म्हटलं. कुणी घेतले आणि कितीला, हे मात्र विचारलं नाही.

मीरा-भाईंदरमध्ये वॉर्डाच्या बातम्या देणाऱ्या अनेकांना पगार नाही. बातमीमागे मिळणारं मानधन पेट्रोललाही पुरत नाही. खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर: ईद, दिवाळी, नेत्याचा वाढदिवस, बिल्डरचा नवा प्रकल्प. ज्याच्या अनधिकृत बांधकामावर लिहायचं, त्याच्याकडेच पुढच्या महिन्यात जाहिरात मागायची. पोलिसांच्या प्रेस नोटमध्ये नसलेला प्रश्न विचारला, तर पुढच्या वेळी फोन उचलला जात नाही. तिकडे संपादकाला संध्याकाळपर्यंत बातमी हवी. मग नोट जशीच्या तशी छापली जाते. यात कुणी पाकीट घेतलेलं असेलच असं नाही.

न ऐकणाऱ्यांचं काय होतं, हेही आपल्या शहराने पाहिलंय. जुलै २०१५ मध्ये 'खुशबू उजाला' साप्ताहिकाचे संपादक राघवेंद्र दुबे यांचा मीरा रोडला खून झाला. त्याआधी काही तासच बारवरच्या छाप्याची बातमी घ्यायला गेलेल्या पत्रकारांना मारहाण झाली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरजवळ शशिकांत वारिशेंना गाडीने उडवलं. गाडी चालवणाऱ्या रिफायनरी समर्थकाविषयीची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, पण तो मारहाणीसाठी, तोडफोडीसाठी. जाहिरात बंद करणं हा त्यात हल्ला नाही.

आणि तो हल्ला आपणही करतो. आमच्या भागातल्या एका ट्रस्टच्या हिशोबावर एका तरुणाने लिहिलं, तेव्हा जमातीतलीच वडीलधारी माणसं त्याच्या अब्बांना भेटायला गेली. त्या वर्षी ईदच्या शुभेच्छांची एकही जाहिरात त्याला मिळाली नाही. आम्ही शिकलेली मंडळी सगळं पाहत होतो, गप्प बसलो. आता तो एका इस्टेट एजंटकडे नोकरी करतो. बुलडोझर आला तेव्हा गल्ली-गल्ली ओळखणारा, कुणाकडे कोणती कागदपत्रं आहेत हे विचारू शकणारा बातमीदार हवा होता, तेव्हा तो फ्लॅट दाखवत होता.

संपादक मंडळापुढे मी दोन गोष्टी ठेवल्या आहेत. आपल्यासाठी बातमी आणणाऱ्याला, ती छापली गेली नाही तरी, ठरलेले पैसे द्यायचे. आणि जाहिरात मागायला त्याला कधीच पाठवायचं नाही. ते काम आम्ही करू. पैशांसाठी वर्गणी लागेल. पहिल्या सहा महिन्यांची माझी मी भरली आहे.