अंडे आणि अंदाजपत्रक

प्रथिने ही तालमीतल्या पहिलवानांची गरज, हा समज आपल्याकडे अजून गेलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारातील अंड्यांचा निधी थांबविला आणि अंडे हवेच असेल तर शाळांनी ते लोकसहभागातून मिळवावे, असे सुचविले. आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय होऊन तेव्हा जेमतेम चौदा महिने झाले होते. अंडे म्हणजे चैन, असाच या काटकसरीचा अर्थ होतो.

वास्तविक स्नायू हे प्रथिनांच्या कार्याचे केवळ एक अंग. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे; जंतूंशी झुंजणारी प्रतिद्रव्ये, अन्न पचविणारी विकरे, रक्तातील साखरेला लगाम घालणारे इन्शुलिन, हीही प्रथिनेच. वाढत्या मुलाच्या देहात तर हे बांधकाम अहोरात्र चालू असते, आणि त्याला लागणाऱ्या २० अमिनो आम्लांपैकी ९ अन्नातूनच मिळावी लागतात. त्यांतले एक जरी अपुरे पडले तरी काम अडते. शिवाय चरबीसारखा प्रथिनांचा वेगळा साठा शरीर करीत नाही; टंचाई आली की ते स्वतःचे स्नायूच मोडून खाऊ लागते. पोट भरलेले मूल पोसलेले असतेच असे नाही, ते यामुळे.

खिचडीत डाळ असतेच की, असे यावर म्हटले जाईल. असते, आणि तांदळात कमी असलेले लायसिन डाळ भरून काढते. वरणभात आणि पिठलेभाकरी रूढ करणाऱ्यांना हे नाव न कळताही उमगले होते. परंतु प्राथमिक शाळेतील मुलामागे डाळीचे प्रमाण आहे २० ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम प्रथिन. एका अंड्यात सहा ग्रॅम असते, तेही नऊही अमिनो आम्लांसह. अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे देण्याची सोय होती. केळे उत्तम फळ खरे, पण त्यात प्रथिन एखादा ग्रॅम! त्यांना मूठभर भाजके चणे किंवा शेंगदाणे देणे अधिक शहाणपणाचे ठरले असते.

लोकवर्गणीची सूचना ऐकावयास गोड आहे. ती जमेल कोठे? पालकांची ऐपत आहे, तेथे. मेळघाटातील पाड्यावर शिक्षकाने कोणाच्या दारी जावे? अंड्याची खरी गरज तेथेच आहे, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात कायमची तरतूद करणे हे शासनाचेच काम आहे.