संशय घेतलात, तर तो लिहून द्या

'नीट' आणि 'एमएचटी-सीईटी'चा हंगाम उरकला. डहाणू-तलासरी भागातल्या कनिष्ठ महाविद्यालयांतून आणि आश्रमशाळांतून आलेल्या पत्रांत पेपर अवघड गेल्याची तक्रार जवळजवळ नाही. तक्रार आहे ती गेटवरची.

तलासरी तालुक्यातल्या एका शिक्षकांनी आपल्या विद्यार्थिनीचा प्रसंग कळवला आहे. 'नीट'चे केंद्र शहरात. अंधार असतानाच घरून निघून ती वेळेत पोचली. यंत्र अंगठ्याचा ठसा घेईना. बोटे पुसून झाली, दुसरे बोट लावून झाले, तरी नाही. सुट्टीभर ती चिकूच्या वाडीवर कामाला जात होती. चीक आणि काम मिळून बोटांची काय गत करतात, हे आपल्या तिकडच्या वाचकांना सांगायला नको. रेशन दुकानातल्या यंत्रापुढे तिच्या आईचेही तेच होते. त्यात आडनाव दहावीच्या प्रमाणपत्रावर 'डब्ल्यू'ने, आधारवर 'व्ही'ने. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात 'डमी दिसतेय, बाजूला घ्या' असे सांगण्यात आले. ती बाजूला उभी राहिली. बऱ्याच वेळाने कुणी वरिष्ठ आले, फोटो पाहिला आणि 'जा' म्हणाले. वर्गात पोचली तेव्हा प्रश्नपत्रिका वाटून झाल्या होत्या. जीवशास्त्राचे पाठ असलेले प्रश्नही सुरुवातीला डोक्यात शिरत नव्हते, असे तिने सरांना सांगितले. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला वजा एक गुण असतो, हे ध्यानात घ्या.

तपासणीला आमचा विरोध नाही. 2024 साली 'नीट'ची प्रश्नपत्रिका फुटली, लातुरात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांवर गुन्हे दाखल झाले, तेव्हा आपल्या सर्वांच्याच माना खाली गेल्या. तोतये उमेदवार बसतात, त्यांना पकडलेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच आहे की या मुलीला अडवले होते, याचा एक ओळीचाही कागद कुठे नाही.

बोर्डाच्या परीक्षेत कॉपी केस झाली तर काय होते, ते आपण जाणतो. विद्यार्थ्याचा जबाब, पर्यवेक्षकाचा अहवाल, पुरावा, सगळे जोडून मंडळाकडे जाते आणि मुलाला आपले म्हणणे मांडता येते. सार्वजनिक परीक्षांतले गैरप्रकार रोखणाऱ्या 2024 च्या केंद्रीय कायद्याखालील नियमांतही गैरप्रकार आढळल्यास केंद्रप्रमुखाने कोणत्या नमुन्यात अहवाल द्यायचा, ते ठरलेले आहे. म्हणजे पकडला गेला त्याच्यासाठी नमुना आहे. संशय घेऊन, थांबवून, चारचौघांत डमी म्हणून नंतर सोडून दिलेल्या मुलासाठी काहीही नाही. गुन्हेगाराची नोंद होते आणि निर्दोषाची होत नाही, हा कुठला कारभार?

वाया गेलेला वेळ मोजता येत नाही, हे उत्तर 'नीट' घेणाऱ्या एनटीएने देऊ नये. 2024 मध्ये काही केंद्रांवर वेळ कमी मिळाला म्हणून 1563 उमेदवारांना ग्रेस गुण देण्यात आले. कायद्याच्या प्रवेशपरीक्षेच्या, म्हणजे 'क्लॅट'च्या, 2018 मधल्या प्रकरणातले सूत्र त्यासाठी वापरले गेले. पुढे ओरड झाली, गुण मागे घेतले गेले आणि 23 जूनला फेरपरीक्षा झाली; तिला 813 जण बसले. गुण द्यायला हवे होते की नव्हते, हा वाद वेगळा. पण वेळ कमी मिळालेल्यांतल्या काहींनी उच्च न्यायालय गाठले होते, सीसीटीव्हीचे चित्रण तपासले गेले होते आणि किती वेळ गेला याचा हिशेब मांडता आला होता. तलासरीच्या मुलीने कोणत्या नोंदीवर बोट ठेवायचे? आणि कोणत्या पैशाने?

संशय उघडपणे कळवला तर काय होते, याचे एक जुने उदाहरण पाहा. 1982 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील गारफिल्ड हायस्कूलमध्ये हायमे एस्कलांते या शिक्षकाच्या 18 विद्यार्थ्यांनी महाविद्यालयीन दर्जाची कलनशास्त्राची परीक्षा दिली आणि सगळे उत्तीर्ण झाले. मुले मेक्सिकन वंशाच्या गरीब कष्टकरी वस्तीतली. उत्तरांतल्या चुका सारख्या दिसल्या म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने 14 जणांवर संशय घेतला. त्यांपैकी 12 जण पुन्हा परीक्षेला बसले आणि बाराही पुन्हा उत्तीर्ण झाले. श्रीमंत वस्तीतल्या शाळेवर असा संशय आला असता का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. पण त्या संस्थेने संशय निदान कळवला आणि तो खोडून काढायची संधी दिली. आपल्या मुलांना तेवढेही मिळत नाही.

आता आपल्याच माणसांविषयी. केंद्रांवर पर्यवेक्षक म्हणून उभे असतात ते आपल्यातलेच लोक. 'वरून आदेश आहे' हे वाक्य आम्ही फार ऐकले. मुलाला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलू नका, असा आदेश कुणीही काढलेला नाही. आणि पोरांचे अर्ज शेवटच्या रात्री सायबर कॅफेत बसून, सगळ्यांना आपलाच एक मोबाइल क्रमांक टाकून भरणाऱ्या सहकाऱ्यांनो, गेटवरच्या संशयाचे निम्मे बी तिथेच पेरले जाते. पंधराव्या वर्षानंतर आधारमधले ठसे नव्याने द्यावे लागतात, हे किती वर्गशिक्षकांनी पालकांना सांगितले? ते काम जुलै-ऑगस्टमध्ये करा. आडनावाचे स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवून घ्या. फोटो त्याच वर्षीचा लावा. एप्रिलमध्ये आधार केंद्रापुढे रांग लावून काही होत नाही.

आणि केंद्रप्रमुखांनो, अडवून सोडलेल्यांच्या नोंदीचा नमुना येईल तेव्हा येईल. तोवर कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहा: कधी थांबवले, का थांबवले, कधी सोडले, कोणी सोडले. खाली सही करा. एक प्रत केंद्राच्या अहवालाला जोडा, एक उमेदवाराच्या हातात द्या. पेपर संपल्यावर द्या, पण द्या.

ज्यांच्या विद्यार्थ्यांना असे अडवले गेले, त्यांनी महिनाअखेरपर्यंत आम्हाला लिहावे. मुलाचे नाव नको. परीक्षा, तारीख, वार, अडवल्याचे कारण आणि अंदाजे वेळ पुरे. ही पत्रे एकत्र करून आम्ही डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला, राज्य सीईटी कक्षाला आणि एनटीएला देणार आहोत. गेल्या वर्षीची प्रकरणे आठवत असतील तर तीही पाठवा.