चित्रातला वळू कुणाला टोचला?

एका अंगणवाडीताईंचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका, असे त्यांनी बजावून लिहिले आहे, म्हणून ते छापत नाही. हकिगत थोडक्यात अशी. ताईंच्या अंगणवाडीत चित्रांच्या पुस्तकांचा एक संच आला. त्यातल्या एका पुस्तकात बाप चुलीपुढे बसून भाकरी थापतो आहे आणि आई ट्रॅक्टर घेऊन रानात निघाली आहे, असे चित्र आहे. पोरांना ते पुस्तक भारी आवडले. रोज तेच मागू लागली. एका पोराने घरी जाऊन विचारले, "आज्या, तू का नाही भाकरी थापत?" दुसऱ्या दिवशी आजोबा आणि आणखी दोघे अंगणवाडीच्या दारात हजर! "पोरांना हे असले काय शिकवता?" ताई गांगरल्या. पुस्तक कपाटात गेले, कपाटाला कुलूप लागले. आता त्या विचारतात, मी केले ते बरोबर केले का?

ताई, उत्तर देण्याआधी तुम्हांला थोडे लांब न्यायचे आहे. तुमच्यावर आली ही पाळी जगात पुष्कळांवर आली आहे. लहान मुलांच्या चित्रपुस्तकांवरून मोठमोठ्या देशांत भांडणे झाली, अमेरिकेत तर ती अजून चालू आहेत. आणि मौज अशी, की त्यांतली गाजलेली भांडणे माणसांच्या चित्रांवरून झालीच नाहीत. ती झाली वळू, ससे आणि गाढवांवरून!

वळूची गोष्ट आधी सांगतो. १९३६ साली अमेरिकेत मन्रो लीफ या लेखकाने ती लिहिली, चित्रे काढली रॉबर्ट लॉसन यांनी. स्पेन देशातला फर्डिनंड नावाचा एक खोंड. बाकीचे खोंड दिवसभर टकरा घेतात, याला मात्र झाडाच्या सावलीत बसून फुलांचा वास घेत राहायला आवडते. त्याच्या आईला काळजी वाटते, की पोर एकटे पडते की काय. ती त्याच्याशी बोलते आणि मग त्याला त्याच्या मनासारखे बसू देते. पुढे हा वाढून दांडगा वळू होतो. झुंजीसाठी वळू शोधणारी माणसे येतात, त्याच वेळी हा नेमका एका मोठ्या मधमाशीवर बसतो. माशी डसते, वळू उधळतो, आणि माणसांना वाटते की काय हा खवळलेला गडी! गाडीत घालून त्याला माद्रिदच्या आखाड्यात नेतात. तिथे हा काय करतो? बायकांच्या डोक्यातल्या फुलांचा वास येतो म्हणून मधोमध फतकल मारून बसतो. शेवटी त्याला घरी आणून सोडावे लागते.

चित्रकाराने एक खोडीही करून ठेवली आहे. ज्या झाडाखाली फर्डिनंड बसतो त्या झाडाच्या सालीपासून बाटल्यांची बुचे करतात. (आपल्याकडच्या पांढऱ्या फुलांच्या बुचाच्या झाडाशी त्याचा संबंध नाही.) पण चित्रात त्या झाडाला बुचांचे घोसच्या घोस लोंबताना दाखवले आहेत, जणू फळेच लागली आहेत. शेतकऱ्याच्या पोराला हे चित्र दाखवले तर ते म्हणेलच, "गुरुजी, असे कुठे असते का?" आणि तिथून झाडाच्या सालीची, डिंकाची, चिकाची गोष्ट सुरू होईल. चित्रपुस्तक वर्गात आणायचे ते यासाठी.

आता या गोष्टीत कुणाला टोचण्यासारखे काय आहे? पण पुस्तक निघाले त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले होते. लढायला नकार देणारा वळू, तोही स्पेनमधला, म्हणजे यात काहीतरी राजकारण असणारच, असे मोठ्या माणसांनी ठरवून टाकले. स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीने पुस्तकावर बंदी घातली. हिटलरच्या जर्मनीने ते जाळण्याजोगे ठरवले. मग महायुद्ध संपले, हिटलर गेला, जर्मनीची राखरांगोळी झाली. येला लेपमन नावाची एक ज्यू पत्रकार बाई, जिला पूर्वी जर्मनी सोडून जावे लागले होते, ती परत आली आणि उपाशी, अनाथ मुलांसाठी पुस्तके गोळा करू लागली. १९४६ साली तिने याच फर्डिनंडचे जर्मन भाषांतर केले, वर्तमानपत्राच्या कागदावर त्याच्या तीस हजार प्रती छापून घेतल्या आणि मुलांना वाटल्या. पुढे १९४९ साली म्युनिक शहरात तिने मुलांच्या पुस्तकांचे मोठे ग्रंथालय उभे केले, ते आजही चालू आहे.

सशांचे प्रकरण याहून कडू आहे. १९५८ साली गार्थ विल्यम्स या चित्रकाराने एक काळा ससा आणि एक पांढरी सशीण यांच्या लग्नाचे पुस्तक काढले. रानात खेळतात, लग्न करतात, बाकीचे प्राणी नाचतात, एवढीच गोष्ट. पण अमेरिकेच्या दक्षिणेतले अलाबामा राज्य म्हणजे कापसाचा मुलूख. तिथे काळ्या आणि गोऱ्या माणसांनी आपापसांत लग्न करायला तेव्हा कायद्यानेच बंदी होती. (असले कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केले.) १९५९ साली तिथल्या विधिमंडळातले एक सदस्य उठले आणि म्हणाले, हे पुस्तक जाळले पाहिजे. चित्रकाराचे म्हणणे साधे होते: काळ्याशेजारी पांढरे चित्रात उठून दिसते म्हणून तसे काढले, पांढऱ्या केसांच्या जनावराचे गोऱ्या माणसांशी नाते असते हे मला ठाऊक नव्हते!

आपण याला हसावे, पण फार मोठ्याने हसू नये. आपल्याकडे सशांची जात कुणी विचारत नसेल. खिचडीच्या पंगतीत पोराशेजारी कोण बसले, हे विचारणारी घरे अजून आहेत.

त्या राज्याच्या ग्रंथालय विभागाच्या प्रमुख एमिली रीड नावाच्या बाई होत्या. त्यांनी पुस्तक फेकले नाही की जाळले नाही. पण उघड्या फळीवरून काढून ते राखीव फळीवर ठेवले आणि एखाद्या ग्रंथालयाने मागितले तर द्यायचे, असे ठरवले. त्या वेळी तेवढे करायलाही धैर्य लागत होते. विधिमंडळातल्या लोकांनी त्यांचा पिच्छा पुरवला आणि पुढल्या वर्षी त्या ते राज्य सोडून गेल्या. तरी मला वाटते, पोराच्या हाताला न लागणाऱ्या फळीवरचे पुस्तक पोरापुरते नसल्यातच जमा असते. चार वर्षांचे मूल काही अर्ज करून राखीव पुस्तक मागत नाही.

गाढवाचे थोडक्यात सांगतो. विल्यम स्टीग यांचे १९६९ सालचे पुस्तक, त्याला दुसऱ्याच वर्षी तिथला मुलांच्या चित्रपुस्तकांचा सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला. एका गाढवाच्या पोराला इच्छा पुरी करणारा खडा सापडतो. सिंह दिसल्यावर घाबरून ते 'मी दगड होईन तर बरे' म्हणते आणि खरेच दगड होऊन बसते. आईबाप गावभर शोधतात, पोलिसांकडे जातात. पोलीस दाखवले आहेत डुकरांच्या रूपात, कारण पुस्तकात सगळेच प्राणी आहेत. पण अमेरिकेत पोलिसाला डुक्कर म्हणणे ही शिवी. पोलिसांच्या संघटना चिडल्या, काही गावांतल्या ग्रंथालयांतून पुस्तक उतरवले गेले. मुलांच्या ध्यानात राहतो तो हरवलेला मुलगा, त्याच्यावर साठणारे बर्फ, आणि त्याच दगडावर शिदोरी उघडून बसलेले आईबाप. पोलिसांच्या शेपटीकडे बघायला त्यांना सवड कुठली?

आणि अलीकडचे एक. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात दोन नर पेंग्विनांनी मिळून एक अंडे उबवले आणि पिल्लू वाढवले, ही खरी घडलेली गोष्ट. तिचे चित्रपुस्तक २००५ साली निघाले आणि अमेरिकेत सर्वाधिक तक्रारी आलेल्या पुस्तकांच्या यादीत ते अनेक वर्षे वरच्या जागी राहिले. सिंगापूरच्या सरकारी ग्रंथालयाने २०१४ साली ते काढून टाकायला घेतले. तेव्हा काही आईबाप पोरे घेऊन ग्रंथालयात जाऊन वाचत बसले, आणि शेवटी ते मोठ्यांच्या विभागात ठेवण्यात आले. इथे तक्रार करणाऱ्यांना मी वेडे म्हणणार नाही. आपल्या मुलाला कोणती गोष्ट कोणत्या वयात सांगायची, हे ठरवायचा आईबापाला हक्क आहे. "माझ्या पोराला इतक्यात नको", असे कुणीही म्हणावे. पण "गावातल्या एकाही पोराला नको", हे एकट्याने ठरवायचा हक्क कुणालाच नाही.

आता ताई, तुमच्याकडे वळतो. पुस्तक कपाटातून काढा. आजोबांशी वाद घालू नका, त्यांना चहाला बोलवा आणि सतरंजीवर पोरांच्या मधे बसवा. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांच्यासमोर वाचा. अमेरिकेतल्या ग्रंथालयांत तक्रारीचा छापील अर्ज असतो, आणि त्यात एक प्रश्न असा असतो, की आपण हे संपूर्ण पाहिले आहे काय? मला हा प्रश्न फार आवडतो. पुष्कळ भांडणे एका पानावरची असतात.

वाचताना घाई नको. पुस्तक छातीशी धरू नका. बाजूला धरा, चित्र पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ द्या. आधी नुसते बघू द्या. मग विचारा, "इथे काय चाललेय?" मूल अहिराणीत सांगो, वऱ्हाडीत सांगो की मालवणीत, ते तसेच घ्या, मधेच शुद्ध करू नका. आणि कृपा करून शेवटी "यातून काय बोध घेतला?" हे विचारू नका. पोरांनी पुन्हा वाचा म्हटले तर पुन्हा वाचा. दहाव्या खेपेला त्यांना चुलीमागची मांजर दिसते, जी तुम्हांला अजून दिसलेली नसते.

भाकरीचा प्रश्न निघालाच तर पोरांनाच विचारा, की आपल्या गावात स्वयंपाक करणारे बाप्ये कोण कोण? लग्नातला आचारी निघेल, हॉटेलवाला निघेल. आजोबांनाही विचारा. आजी माहेरी गेली, आजारी पडली, तेव्हा चूल कुणी पेटवली होती? पाच पोरांच्या देखत आजोबा काय सांगतात ते ऐकायला मला आवडले असते.

सगळ्याच तक्रारी खोट्या असतात, असे मात्र समजू नका. काळी म्हणजे कुरूप, लंगडा म्हणजे हसण्याचा विषय, असे चितारणारी पुस्तकेही पोरांपुढे येतात. अशा पुस्तकावर एखादी आई नाराज झाली तर तिचे ऐकून घ्या. ती बोट ठेवते ते तिच्या लेकराने सोसलेले असू शकते. आणखी एक तक्रार आहे, ती कुणी तोंडाने करत नाही. संचातल्या पुस्तकांत घर म्हटले की लाल कौलांचा बंगला आणि पुढे हिरवळ. ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या पोराची पाचटाची कोप त्यात सापडत नाही. रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन प्राध्यापिकेने १९९० साली मांडले, की पुस्तक कधी आरसा असावे, कधी खिडकी. आपल्या कितीतरी पोरांना नुसत्या खिडक्याच मिळतात, तोंड बघायला आरसा नाही. ताराबाई मोडकांनी हे आपल्याकडे फार आधी ओळखले होते. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केले, आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या पोरांमागे कुरणात शाळा नेली. तिथल्या पाने, बिया, शिंपल्यांची ओळख पोरांना आधीपासून होती.

राहता राहिले कुलूप. आपल्याकडे पुस्तकांवर बंदी घालायला विधिमंडळ लागत नाही, डेडस्टॉक रजिस्टर पुरते. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत शाळांना पुस्तके आली, आणि कितीतरी ठिकाणी ती पेटीतच राहिली. का, तर फाटली तर भरून कोण देणार? अंगणवाडीताईंची ही भीती खोटी नाही, तपासणी त्यांची होते. पण त्यावर वाट आहे. पान फाटले तर कणकेची खळ करून पातळ कागदाच्या पट्टीने चिकटवा, मोठ्या पोरांना सोबत घ्या. शिवण उसवली तर दाभणाने टाके घाला. अगदीच जीर्ण झालेल्या पुस्तकांचे रीतसर निर्लेखन होऊ शकते. तशी यादी करून पर्यवेक्षिकाबाईंकडे द्या आणि पोच घ्या. नवी हवी असतील तर नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तके स्वस्त असतात. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढले आहे. घरात फोन असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या ठिकाणी मराठी चित्रपुस्तके फुकट मिळतात. फोन पोराच्या हातात न देता आपल्या हातात धरावा, आणि पान पोराच्या बोटाने उलटवावे.