नाव मालकाचे, कसब कारागिरांचे

नगर वसवावे, रस्ते आखावेत, वीजपाणी पुरवावे आणि करांचा मेळ घालावा, असा ‘सिमसिटी’ नावाचा संगणकावरील खेळ विल राइट यांनी रचला. मॅक्सिस कंपनीने तो १९८९ साली प्रसिद्ध केला आणि जगभर तो नावाजला गेला. १९९७ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या अमेरिकन कंपनीने मॅक्सिस विकत घेतली व खेळाच्या नावाची मालकीही तिच्याकडे गेली. २०१३ साली तिने त्याच नावाचा नवा खेळ काढला, तेव्हा एकट्याने खेळणाऱ्यालाही कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेले राहण्याची सक्ती केली. पहिल्याच दिवसांत ते सर्व्हर कोलमडले आणि दाम मोजलेले ग्राहक खोळंबून राहिले. २०१५ च्या मार्चमध्ये कंपनीने मॅक्सिसचा एमरीव्हिल येथील मुख्य स्टुडिओच बंद केला.

त्याच महिन्यात फिनलंडमधील टाम्पेरे येथील कलॉसल ऑर्डर या जेमतेम डझनभर माणसांच्या चमूने ‘सिटीज : स्कायलाइन्स’ हा खेळ पुढे आणला. नाव निराळे, पण परंपरा तीच. पहिल्या महिन्यातच त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. मालकाने उपेक्षिलेल्या खेळाचे असे मानसपुत्र जगात अनेक निपजत आहेत. ते निपजू शकतात याचे कारण उघड आहे. कायदा खेळाच्या नावाला, चित्रांना, संगीताला आणि संगणकाच्या आज्ञावलीला मालक देतो. खेळण्याच्या रीतीला सहसा मालक देत नाही. नाव तिजोरीत बंद करता येते, कसब तसे कोंडता येत नाही.

तथापि एवढ्यावर समाधान मानणे भाबडेपणाचे ठरेल. ‘स्कायलाइन्स’ या नावाची मालकी ते घडविणाऱ्या चमूकडे नव्हती. ती स्वीडनच्या पॅराडॉक्स या प्रकाशक कंपनीकडे होती. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दोघांनी परस्परसंमतीने फारकत जाहीर केली आणि खेळाचे पुढील काम पॅराडॉक्सच्याच मालकीच्या दुसऱ्या स्टुडिओकडे सोपविण्यात आले. म्हणजे संमती दोघांची असली, तरी नाव राहिले मालकापाशी आणि घडविणारे बाहेर पडले. ज्या व्यवस्थेने जुना खेळ गिळला, तिच्याच नियमांनी त्याच्या मानसपुत्राचेही भवितव्य ठरावे, यात नवल ते काय?

दुसरी वाट नाही असे मात्र नव्हे. फ्रान्समधील बोर्दो येथील मोशन ट्विन ही कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था आहे. तेथे सर्वांना समान वेतन आणि निर्णयात समान अधिकार, हे तत्त्व राहिले आहे. ‘कॅसलवेनिया’ या जपानी खेळाच्या परंपरेतून स्फूर्ती घेऊन तिने ‘डेड सेल्स’ घडविला व तो २०१८ साली पूर्ण रूपात प्रसिद्ध केला. २०२३ साली मूळ खेळाच्या मालक कोनामी कंपनीने आपले नाव व पात्रे ‘डेड सेल्स’च्या पुरवणीत वापरू दिली. मालकाचे नाव कारागिरांच्या कृतीत आले! अर्थात सहकाराच्या मर्यादाही येथे दिसल्या. संस्था लहान ठेवण्याच्या धोरणामुळे पुढील काम एव्हिल एम्पायर या वेगळ्या कंपनीकडे द्यावे लागले. समतेचे तत्त्व मोठ्या प्रमाणावर कसे टिकवावे, हा प्रश्न तेथेही उरलाच आहे.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गाजलेल्या खेळमालेतील एका जुन्या खेळाची नवी आवृत्ती यूबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंत तयार होत असल्याची घोषणा २०२० साली झाली होती. २०२२ साली ते काम मॉन्ट्रियलला हलविण्यात आले. निर्णय मालकाचा होता, राबलेले हात इथले होते. संगणकापुढे बारा-बारा तास बसणारा तरुण हाही श्रमिकच होय, हे त्याच्या आधी आपल्या चळवळीने ओळखले पाहिजे. त्याची संघटना उभी राहणे, कलाकृती घडविणाऱ्याला तिच्या मालकीत वाटा मिळणे आणि मालकाने टाकून दिलेली कृती ठरावीक मुदतीनंतर समाजाच्या स्वाधीन होणे, या तीन मागण्या घेऊन त्याच्याकडे जाणे हे आपले काम आहे. कसब त्याच्यापाशी आहेच. उणीव आहे ती हक्काची.